न वाढणारी मुलं

"एक कोटी प्रजा," संग्रहालयाचे प्रमुख म्हणाले. "सम्राटाच्या शिरगणतीतच लिहिलंय. तेच भिंतीवर रंगवायचं. तुमचं घोडं कुठे अडलंय?"

"मुलं वाढत नाहीत, सर."

हंगामी संशोधिकेने शिरगणतीच्या दोन वह्या पुढे सरकवल्या. तिच्या घरी तीन वर्षांची लेक. दर दोन महिन्यांनी फ्रॉक आखूड. म्हणून तर हे तिच्या नजरेत आलं.

"या गावात पाच वर्षांची मुलगी आहे. बारा वर्षांनंतरच्या वहीतही पाचच. कारकुनांनी घरबसल्या जुनी पानं उतरवलीत. जिथे सम्राटाचा माणूस फिरकलाच नाही, तिथली माणसं त्याच्या ताब्यात कशी?"

"मग होती तरी किती?"

"जिथे मुलं वाढली, तेवढी."

प्रमुखांनी चष्मा काढला. "आकडा चुकला तर उद्घाटनाला माझं हसं होईल, आणि तुमची नेमणूक पुढे चालायची नाही. बघा बुवा."

 पण कुतूहल तिला स्वस्थ बसू देईना.

तीन आठवडे ती वह्या चाळत राहिली. एकेक प्रांत गळत गेला. राजधानीतलीसुद्धा पोरं होती तेवढीच राहिली. शेवटी डोंगराळ सरहद्दीवरच्या एकेचाळीस वह्या उरल्या, कोपरे करपलेल्या. त्यांत मुलं वाढत होती. कुणाचे दात पडले होते, कुणी लग्न करून शेजारच्या गावी गेली होती. जुळ्यांतलं एक दुसऱ्या वर्षी नव्हतं. तिथे ती जरा थांबली, आणि पाळणाघरात एक फोन करून आली.

"दोन लाख अकरा हजार," तिने सांगितलं.

"राजधानी सोडून डोंगरात?"

"तिथला अधिकारी प्रामाणिक असणार, सर. दारोदार फिरलेला."

प्रमुखांनी तोंड वाकडं केलं, पण शिडीवरच्या रंगाऱ्याला मान हलवून खूण केली. तेवढ्यात जुने शिक्के वाचणारे काका भिंग घेऊन वह्यांवर वाकले. पहिली पाहिली, दहावी पाहिली, शेवटची पाहिली.

"पोरी, मोजणी अस्सल आहे. एकेक माणूस मोजलाय."

तिचा जीव भांड्यात पडला.

"फक्त शिक्का सम्राटाचा नाही," काका म्हणाले. "त्याच्याविरुद्ध उठलेल्या बंडखोरांचा आहे. या वह्या लढाईत सम्राटाच्या सैन्याच्या हाती लागलेल्या."