चिमीच्या वाटचं गोंदण

१९५४ साल. मोखाड्याच्या सुकीच्या छातीतल्या गाठीवर मुंबईच्या इस्पितळात रोज किरण सोडत. ते नेमके गाठीवरच पडावेत म्हणून डॉक्टर शाईने खुणा करत, आणि घामाने त्या पुसून जात. शेवटी डॉक्टरांनी ठरवलं, यापुढे खुणा गोंदायच्याच.

"थोडं दुखेल हं," ते चाचरत म्हणाले.

सुकी हसली. "आमच्यात पोरी लग्नाआधी गोंदून घेतात, डाक्टर. मला कसलं भ्याव घालता!"

ती निश्चल पडून राहिली. चार ठिपके झाले. डॉक्टरांनी सुई खाली ठेवली, तसा तिने त्यांचा हात धरला.

"अजून एक काढा."

"मशीनला चारच पुरतात गं."

"मशीनला नाय, माझ्या चिमीला. गोंदायच्या आधीच गेली पोर. सोनं-चांदी हितंच राहतं, मेल्यावर गोंदण तेवढं संगं जातं. तिच्या वाटचं मी घेऊन जाईन."

"अगं, तू बरी होऊन घरी जाणार आहेस!"

सुकी हळूच म्हणाली, "मंग तिला अजून वाट बघाया लागंल."