घरी पडून जखम

हळद पॉलिश करायच्या मशीनच्या पट्ट्यात द्वारकाबाईची दोन बोटं चेंगरली. मुकादमानं तिला कुरुंद्याच्या सरकारी दवाखान्यात आणलं. "घरी पडली म्हणून लिहा," असं सिस्टरला सांगून तो मालकाला फोन करायला एसटीडी बूथवर गेला.

पट्टी बांधून झाल्यावर सिस्टर करुणा रजिस्टरमध्ये लिहू लागली. द्वारकाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं विचारलं, "काय लिहून राहिल्या, सिस्टर?"

"घरी पडून जखम."

"ते खोडा. कारखान्यात पट्ट्यात हात गेला, असं लिहा. अन् त्याची नक्कल मला द्या."

करुणाला नवल वाटलं. "मावशी, असं लिहून घ्यायचं, हे तुमाला कुणी सांगितलं?"

"कुणीच न्हाई. जरा मागची पानं पाहा. आमच्या कारखान्यातल्या किती बाया घरी पडल्या?"

करुणानं पानं उलटली. होळीपासून चार बाया घरी पडल्या होत्या. चौघींचीही उजव्या हाताची बोटंच चेंगरली होती.

तिनं लिहिलेली ओळ खोडली आणि खुर्ची जवळ ओढली. "मावशी, त्या पट्ट्याला जाळी न्हाई का?"