चालवणार कोण

"मागची सीट ऐसपैस आहे ना?" मृदुलाने शोरूममधल्या सेल्समनला विचारलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. बाहत्तराव्या वर्षीही सांगलीत माझी गाडी मीच चालवते. मग लेकीला मागच्या सीटची चौकशी कशाला?

"या बजेटात अशी दुसरी सेडान नाही. घाटातसुद्धा दम लागणार नाही तिला," सेल्समन म्हणाला. "पण ताई, चालवणार कोण?"

मृदुला नुसती हसली. खांद्यावरच्या पिशवीत काय आहे, हेही तिने सकाळपासून सांगितलं नव्हतं.

हा डाव माझ्या ओळखीचा होता. तात्यांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सत्तरीत नवी गाडी निवडून द्यायला मीच गेले होते. त्यांनी चालवणं सोडावं म्हणून मुद्दाम जड स्टिअरिंगची गाडी पसंत केली. आठवड्यातच त्यांचे खांदे भरून आले आणि त्यांनी आपणहून किल्ली माझ्या हातात दिली. पुढे कायम ते डावीकडे बसले. मला एका शब्दाने बोलले नाहीत.

टेस्ट ड्राइव्हची गाडी दारात आली. मी निमूटपणे मागचं दार उघडलं.

"तिकडे कुठे, आई? तिथे माझी पोरं बसणार. सुट्टीत त्यांना महाबळेश्वरला कोण नेणार, मी? घाटात माझे हात कापतात."

तिने पिशवीतून माझ्या जुन्या गाडीतली उशी काढली, जिच्याशिवाय मला बॉनेटपलीकडचा रस्ता दिसत नाही, आणि स्टिअरिंगसमोरच्या सीटवर नीट ठेवली.

पहिल्या वळणावर स्टिअरिंग दोन बोटांनी वळलं. तात्यांना अशीच गाडी हवी होती.