वड्यांचा दोष

"आमच्या घरात हार्टबिर्ट कुणाला नाही," दार अर्धंच उघडून मंदाकिनीबाई म्हणाल्या. "तीन जिने चढून आलाच आहात, तर पाणी पिऊन जा."

पूर्वा हृदयविकाराच्या पाहणीसाठी नारायण पेठेत घरोघरी फिरत होती. असल्या स्वागताची तिला सवय होती. ती आत आली, पाणी प्यायली आणि टॅब उघडून बसली.

मंदाकिनीबाईंचं लक्ष मुलाकडे होतं. त्रेचाळीस वर्षांचा अवधूत सकाळपासून खुर्चीतून उठत होता, खिडकीशी जात होता, परत येऊन बसत होता. छातीत जळजळतंय म्हणून पित्ताच्या दोन गोळ्या झाल्या होत्या. आता हातात लिंबू-सोडा होता. काल रात्री तर साधी मुगाची खिचडी केलेली. मग पित्त आलं कुठून, तेच त्यांना उमगेना.

"घरात पंचावन्नच्या आत कुणी अचानक गेलंय?" पूर्वाने टॅबवरून विचारलं.

"ह्याचे बाबा. चव्वेचाळीसचे होते. पण ते पित्ताने गेले." मंदाकिनीबाईंचा आवाज उतरला. "बटाटेवडे खाल्ले होते. माझ्याच हातचे."

त्या दिवसापासून या घरात तळणीची कढई चढली नव्हती. पंचवीस वर्षं मिरची नाही, दिवाळीला विकतची चकलीसुद्धा नाही. अवधूतला त्यांनी पित्तापासून तळहातावरच्या फोडासारखं जपलं. तो कोपऱ्यावरच्या टपरीवर सिगारेटी ओढतो हे त्यांना ठाऊक होतं, पण त्याने कुठे पित्त होतं, म्हणून कानाडोळा केला. दिवसभर खुर्चीला चिकटून काम करतो, त्यानेही होत नाही.

"काकू, तेव्हा काकांना घाम आला होता?"

"बनियन पिळून काढलं मी."

"हात दुखत होता?"

"डावा. मीच चोळत बसले होते. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं."

पूर्वाने टॅब मांडीवर ठेवला. "पित्ताने माणूस असा तासाभरात जात नाही, काकू. तो हार्ट अटॅक असणार. तुमच्या वड्यांनी काही केलेलं नाही."

मंदाकिनीबाईंना एकदम हलकं वाटलं, इतकं की रडूच फुटलं. पंचवीस वर्षांत हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण ते सुख त्यांना जेमतेम एका श्वासापुरतं मिळालं. डोळे पुसताना त्यांना दिसलं, अवधूत डावा हात टेबलाच्या कडेवर घासत होता.

त्या उठल्या आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. पंखा पाचवर होता. शर्ट ओलाचिंब होता.

"अगं, गाडी बोलाव," त्या म्हणाल्या. पूर्वाने तोवर एकशेआठ फिरवलाही होता.

"आई, उगाच काय. पित्तच आहे," अवधूत म्हणाला.

मंदाकिनीबाईंनी त्याच्या हातातला सोडा काढून घेतला.

"आपल्या घरात पित्त कुणालाच नाही," त्या म्हणाल्या.