वरच राहिलेला हात

“ज्याला मेंदू कळला, त्याला ब्रह्मांड कळलं!” न्यूरोसायकिॲट्रीच्या विभागप्रमुखांनी घोषणा केली आणि स्वतःची गाडी कुठं लावलीय ते शोधायला दोन विद्यार्थी पिटाळले. मग महिनाभर मुके आणि ताठ पडलेल्या तवनाप्पांकडे वळून म्हणाले, “वयाचा स्मृतिभ्रंश. उपाय नाही. घरी न्या.”

एम.डी.च्या शेवटच्या वर्षाची ऊर्जिता मात्र तवनाप्पांच्या हाताकडे बघत होती. तो अधांतरी होता आणि त्यावर टॉवेल वाळत होता.

“सकाळी अंग पुसताना वर केला, त्यो खालीच येईना,” त्यांच्या पत्नी अक्काताई ओशाळल्या. “म्हटलं, तवर टॉवेल तरी वाळंल.”

“सर, ठेवाल तिथं हात राहतोय! अंग असं गोठवणारा कॅटाटोनिया असेल, तर तो बरा होतो. एक इंजेक्शन देऊन बघू?”

“नाही बोलले, तर संध्याकाळी डिस्चार्ज.”

इंजेक्शन देऊन ऊर्जिता श्वास रोखून त्यांच्यावर वाकली. हळूहळू हात खाली आला. टॉवेल पडला. अक्काताईंनी तोंडाला पदर लावला. तवनाप्पांचे ओठ हलले, तसा अख्खा वॉर्ड कान टवकारून उभा राहिला.

“पोरी, जरा बाजूला सरक की,” ते म्हणाले. “पंख्याचं वारं अडतंय.”