कार्डावरचं नाव

“तुमचं रेकॉर्डच नाही हो,” बँकेतल्या समोरच्या मॅडम म्हणाल्या.

सोफे दुरुस्त करणारा तो धिप्पाड माणूस खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाला. “म्हणजे?”

“म्हणजे कधी कर्ज घेतलं नाहीत, कधी हप्ता भरला नाहीत. तुम्ही जगात आहात की नाही, हेच मशीनला माहीत नाही.” त्यांनी पडदा त्याच्याकडे वळवला. “बघा. सगळं कोरं.”

दुसरा कोणी असता तर हिरमुसला असता. याला हसू फुटलं.

“परत एकदा सांगा ना. कोरं?”

“अगदी कोरं.”

त्याने शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याच्या कानाशी तोंड नेलं. म्हाताऱ्याची सगळी हयात बस चालवण्यात गेली होती आणि डावा कान इंजिनाने खाल्ला होता. “बाबा, काहीच सापडलं नाही म्हणतायत!”

“मग चांगलंच झालं की!” बाबा इतक्या मोठ्याने म्हणाले की रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

मॅडमनाही कळेना, अर्ज अडला असताना हे बापलेक एवढे खूश कशाने. त्यांना काय ठाऊक, सकाळपासून दोघांच्याही घशाखाली चहा उतरला नव्हता. तो तुरुंगातून सुटून आला त्याला आता दुसरं वर्ष लागलं होतं. तरणा असताना एका भांडणात त्याने लोखंडी दांडा उगारला आणि समोरच्याचा हात जन्माचा लुळा पडला. आपलं नाव टाकलं की तो दांडा, तो खटला, सगळं भसाभस पडद्यावर येणार, असं त्याने धरूनच ठेवलं होतं. आणि मशीन म्हणत होतं, हा कोण बुवा, आम्ही नाही ओळखत.

“पण मग क्रेडिट कार्ड?” त्याला एकदम आठवण झाली. “मला लागणार आहे ते. फोमवाला, कापडवाला, सगळे कार्डाचंच विचारतात.”

“मिळेल की. इथे एक ठेव ठेवायची, ती मोडायची नाही. तिच्या जोरावर छोट्या मर्यादेचं कार्ड देतो आम्ही. वापरायचं आणि वेळच्या वेळी भरायचं. हळूहळू तुमची पत तयार होते.”

बाबांनी आपला चांगला कान पुढे केला. “पत? याची?”

“हो आजोबा, यांचीच.”

बाबांनी आधी स्वतःची कॉलर नीट केली, मग मुलाची. तो चाळिशीचा बाप्या लहान पोरासारखा मान वर करून बसला.

“ठेवतो ठेव,” तो म्हणाला. “आजच ठेवतो. आत्ता. पैसे आणलेत मी.” खिशात हात घालताना त्याने पेनस्टँड पाडला, तो उचलताना टेबलाला डोकं आपटलं, आणि डोकं चोळत तो पुन्हा हसलाच. मॅडमही हसल्या. त्यांनी नवा अर्ज उघडला. पत्ता झाला, फोन नंबर झाला, दुकान किती जुनं तेही झालं.

“आणि त्याआधी कुठे कामाला होता?”

त्याचं हसू जागच्या जागी थांबलं.

इतका वेळ निम्म्याहून अधिक प्रश्न बाबांना ऐकू गेले नव्हते. हा मात्र बरोबर गेला. शेजाऱ्यापाजाऱ्यांना इतकी वर्षं दिलेलं उत्तर त्यांच्या जिभेवर तयारच होतं. “बाहेरगावी होता हा,” त्यांनी सुरुवात केली, “लांब, तिकडे...”

मुलाने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. इतकं कोरं करकरीत पान हाती आलंय, त्यावर पहिलीच ओळ खोटी लिहायचं त्याच्या जिवावर आलं.

“तुरुंगात होतो, मॅडम. सोफ्याचं काम तिथेच शिकलो.”

मॅडमची बोटं थबकली. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, म्हाताऱ्याकडे पाहिलं. बाबा छताकडे बघत होते.

“मग कामाचा अनुभव तेव्हापासूनचा धरते,” त्या म्हणाल्या, आणि बोटं पुन्हा चालू लागली.

त्याला वाटलं, उठावं, बाहेर जावं आणि पहिल्या भेटेल त्या माणसाला सांगावं, मला कार्ड मिळतंय म्हणून.

“आता शेवटचं. कार्डावरचं नाव.” मॅडमनी ओळखपत्रावर बघून टाइप केलं आणि मान हलवली. “फारच लांबलचक आहे हो तुमचं. तिन्ही नावं नाही बसत. मधलं गाळू?”

“गाळा, गाळा.”

त्याला त्याची सवयच होती. खटल्याच्या दर तारखेला शिपाई दारात उभा राहून त्याचं पूर्ण नाव पुकारायचा. त्यात बापाचंही नाव कोर्टभर घुमायचं, आणि मागच्या बाकावर बसलेले बाबा खाली फरशीकडे बघायचे. तेव्हापासून त्याने बापाचं नाव लावणं आपणहून सोडलं. दुकानाच्या पाटीवर नाही, बिलावर नाही. घरात त्यावर कधी कोणी चकार शब्द काढला नव्हता.

मॅडमनी बटणावर बोट नेलं.

“थांबा!” बाबा अर्धे उठले होते. दोन्ही हात टेबलावर टेकवून ते पडद्यावरची अक्षरं वाचत होते. “त्याचं राहू दे, माझं राहू दे. जागा पुरत नसेल तर आडनाव गाळा.”