तो शब्द नको

“आज घसरलीस का?” आजोबांनी विचारलं आणि त्यांच्या सुनेची, फुसाएची, पळी सूपमध्येच थांबली.

“बाबा, तो शब्द नको म्हटलं ना!”

“कुठला?”

“तोच. आत्ता काढलात तो.”

दारात बूट काढणाऱ्या कोझुएला हसू आलं. स्कीवर उभं राहून बर्फात घसरत जाणं आणि परीक्षेत नापास होणं, दोन्हींना त्यांच्या भाषेत एकच शब्द. प्रवेशपरीक्षेला बसणारं मूल असलेल्या घरात हिवाळाभर तो कोणी तोंडातून काढत नाही. मागच्या आठवड्यात तिचे वडील मासाओ न्हाणीघरात साबणावरून उताणे पडले, तेव्हासुद्धा आतून ओरडले होते, “काही नाही, काही नाही! पाय जरा पुढे गेला!”

आजोबांनी जन्मभर नीगाताच्या डोंगरातल्या एका गावात मुलांना स्की शिकवलं. कोझुएलाही त्यांनीच शिकवलं, चालायला लागल्यावर लगेच. मग त्यांना विसर पडू लागला आणि मासाओने त्यांना इथे चिबाला आणलं. इथे बर्फ पडलाच तर जमिनीला टेकेपर्यंत त्याचं पाणी होतं. आजोबा आता मुलाला पोस्टमन समजत. कोझुएचं नावही त्यांना आठवत नसे. पण संध्याकाळी ती शाळेतून आली की त्यांचा चेहरा उजळायचा आणि ते हा प्रश्न विचारायचे. फक्त तिलाच.

“नाही आजोबा. इथे कुठला बर्फ?”

“मग उद्या,” ते म्हणायचे.

म्हणून तिने डोंगरातल्या गावाजवळचं कॉलेज निवडलं. तिथे बर्फाचाच अभ्यास करता येत होता, आणि मागच्या फाटकातून बाहेर पडलं की समोर स्कीचा उतार होता. आजोबांचं जुनं घर तिथून जवळ होतं. पुढच्या हिवाळ्यात त्यांना तिकडे न्यायचं, घसरगाडीत बसवायचं आणि उतारावरून आपण धरून खाली आणायचं, असं तिने मनात पक्कं केलं होतं.

“कॉलेज नोकरी बघून निवडतात,” फुसाए म्हणाली होती. “उतार बघून नाही.”

“मला एकदा त्यांना ‘हो’ म्हणायचंय, आई.”

फुसाए तांदूळ धूत राहिली. पाणी स्वच्छ झालं तरी धूत राहिली. मग म्हणाली, “एकदाच बसायचं परीक्षेला. नाही जमलं तर इथलं कॉलेज. कबूल?”

त्या दिवसापासून तिनेच त्या शब्दावर सगळ्यांत कडक पहारा ठेवला. रोज संध्याकाळी आजोबा विचारायचे आणि रोज ती त्यांच्याजवळ बसून पहिल्यापासून सांगायची, “बाबा, नातीची परीक्षा आहे. तो शब्द काढलात तर ती नापास होईल.” आजोबा रोज नव्याने घाबरायचे. रोज दोन्ही हात जोडून माफी मागायचे.

जानेवारीत एकदा कोझुए घरात शिरली. आजोबांनी तोंड उघडलं, स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि हळूच ओठांवर बोट ठेवलं.

“अरे वा! बाबा शिकले की!” मासाओने टाळ्या वाजवल्या. सगळे हसले. आजोबाही हसले.

त्यानंतर त्यांनी कधीच विचारलं नाही. कोझुएला संध्याकाळी काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं. पण समोर भौतिकशास्त्राची गणितं असायची. फेब्रुवारीत एकदा ती खोलीत आली तेव्हा आजोबा बैठकीवरून उठले आणि त्यांनी तिला कमरेत वाकून नमस्कार केला. ते चेष्टा करताहेत असं समजून तीही तशीच वाकली.

मार्चमध्ये निकाल लागला. कोझुए पास झाली.

फुसाए नळ तसाच सोडून रडायला लागली. मग डोळे पुसून म्हणाली, “म्हण आता! घसर, पड, आपट, काय हवं ते म्हण! आणि जा, आधी त्यांना सांग.”

आजोबा रजई घातलेल्या गरम टेबलाखाली पाय घेऊन संत्रं सोलत बसले होते. कोझुए त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली.

“आजोबा, मी पास झाले. आता विचारा.”

त्यांनी अर्धं संत्रं तिच्यापुढे ठेवलं. “घ्या ना.”

“विचारा ना, आजोबा. पुढच्या हिवाळ्यात मी ‘हो’ म्हणणार आहे.”

घरी आलेल्या पाहुण्याकडे बघून हसतात तसे ते हसले. मग पुढे वाकून कोझुएनेच त्यांना विचारलं, अगदी त्यांच्याच सुरात:

“आज घसरलात का?”

आजोबांचा हात थबकला. त्यांनी घाईघाईने स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

“हळू, ताई,” ते कुजबुजले. “तो शब्द या घरात काढू नका. आमच्या नातीची परीक्षा आहे.”